पत्ता नसलेल्या लेकी

जालन्याची ओळख पोलादाची आणि बियाण्यांची. परंतु कामाच्या शोधात या शहराच्या कडेला आलेल्या फासेपारधी व भिल्ल कुटुंबांची ओळख कोणी विचारीत नाही. त्यांच्या पालांतील स्त्रीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. स्मरणिकेत बहुधा गौरवाचे लेख असतात. हा त्यांत बसेल की नाही, याची आम्हांस फारशी चिंता नाही.

पालाला कडी नसते. अंघोळीला आडोसा नाही, शौचाला अंधाराची वाट. रात्री वाकड्या नजरेने येणारा परका असो की दारू पिऊन हात उगारणारा नवरा, त्याला अडविणारे दार नाही. तक्रार करावी तर पोलीस ठाणे गाठावे लागते. ब्रिटिशांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा 1952 साली रद्द झाला, संशय मात्र झाला नाही. चोरीचा तपास जिथे पालापासून सुरू होतो, तिथे फिर्यादी म्हणून उभे राहायला किती धैर्य लागत असेल! देसाईगंजच्या ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला झाला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे 1983 मध्ये कायदा बदलला.

आज पीडितेसाठी 'सखी' केंद्राची योजना आहे. तिच्यात तात्पुरता मुक्काम साधारण पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी ती पुन्हा त्याच पालात. लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा कायम निवारा हवा, असा शहरांसाठी राष्ट्रीय दंडक आहे. 2011 च्या जनगणनेत जालना शहर पावणेतीन लाखांवर होते. हिशेब वाचकांनी करावा.

घरकुल मागावे तर जागा हवी आणि जातीचा दाखलाही हवा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. त्या वेळी जालना हैदराबाद राज्यात होते. ज्यांच्याजवळ ना सातबारा, ना शाळेचा दाखला, त्या भटक्यांनी तो आणावा कोठून?

गावकुसाबाहेरचे जिणे आपल्या आजोबांनी भोगले आहे. तरीही वस्तीजवळ पाल पडले की महानगरपालिकेकडे तक्रारीचा अर्ज लिहिणारे हात आपल्यातही आहेत. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याला हे शोभत नाही, एवढेच म्हणतो.

माजी विद्यार्थ्यांत वकील, परिचारिका, शिक्षक, महसूल कर्मचारी आहेत. त्यांनी महिन्यातून एक दिवस या कुटुंबांचे कागद जुळवून द्यावेत. फिर्याद देणाऱ्या बाईसोबत ठाण्यात कोणीतरी जावे. घरकुल मिळेल तेथे ते स्त्रीच्या नावे व्हावे, हा आग्रह सोडू नये. आणि शाळेला विनंती अशी, की ज्या मुलीला सुट्टीत जायला घर नाही, तिच्यासाठी वसतिगृहाची एक खोली उघडी असावी. उन्हाळी सुट्टी मे महिन्यात लागते. निर्णय त्यापूर्वी व्हावा.