जबड्याचं दुखणं आणि परतीची वाट

आपल्या भाषेने जबड्याला बरंच कामाला लावलं आहे. राग आला की आपण दातओठ खातो, भीती वाटली की दातखीळ बसते, आश्चर्य वाटलं की तोंडाचा 'आ' वासतो आणि कोणी फारच डोक्यात गेलं तर त्याचं दाभाड फोडावंसं वाटतं. दर शनिवारी ज्याच्या देवळापुढे रांगा लागतात त्या मारुतीरायाचं नावसुद्धा जबड्यावरूनच पडलं आहे. हनु म्हणजे जबडा, त्यावर इंद्राचं वज्र बसलं आणि तो हनुमान झाला, अशी कथा आहे. इतकं असूनही हा जबडा डोक्याला नेमका कुठे जोडलेला आहे, हे विचारलं तर बहुतेकजण विचारात पडतात. गुडघा, खांदा, मणका सगळ्यांना ठाऊक. हा सांधा मात्र दुखेपर्यंत अनोळखीच राहतो.

कानाच्या भोकाच्या किंचित पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटून बघा. बोटाखाली जे सरकतं ना, तोच तो. डॉक्टर मंडळी त्याला 'टीएमजे' म्हणतात. रचना मोठी गमतीची आहे. तोंड थोडं उघडताना तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो आणि आणखी उघडताना चक्क पुढे घसरतो. मध्ये एक छोटी चिवट चकती असते, ती हाडाबरोबर मागेपुढे होते. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळे एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने विश्रांती घ्यायची, ही सोय नाही. बोलणं, चावणं, गिळणं, जांभई, सगळं यांच्याच जिवावर.

या सांध्याचं किंवा तो हलवणाऱ्या स्नायूंचं दुखणं निघालं की माणूस जातो कुठे? इथे खरी पंचाईत आहे. दुखतं कानापाशी, म्हणून कोणी कानाच्या डॉक्टरकडे जातं. कान स्वच्छ असतो. कळ दाढेत उतरते, म्हणून दुसरा दातांच्या दवाखान्यात जातो. तिसऱ्याची कानशिलं ठणकतात, त्याला अर्धशिशीच्या गोळ्या मिळतात. चौथ्याची मान आखडते, तो हाडांच्या डॉक्टरकडे. ज्या दारातून आत शिराल त्या दाराचं औषध घेऊन बाहेर पडाल, असा प्रकार. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२० साली या विकारांवर एक जाडजूड अहवाल काढला. त्यातही हेच दुखणं मांडलं आहे, की डॉक्टरी आणि दंतवैद्यकी या दोन वेगळ्या घरांच्या मधल्या बोळात हा रुग्ण अडकतो.

माझ्या एका मावसबहिणीचं असंच झालं. ती शाळेत शिक्षिका, दिवसाला सहा तास बोलायचं. कानाजवळ ठणका सुरू झाला. कानात काही निघालं नाही. मग एका दवाखान्यात अक्कलदाढ काढली, दुसरीकडे शेजारच्या दाढेचं रूट कॅनाल झालं. दुखणं जिथल्या तिथे. दीड वर्षाने एका दंतमहाविद्यालयाच्या ओपीडीत एका डॉक्टरीणबाईंनी गालावर आणि कानशिलावर बोटांनी दाबून बघितलं, तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजलं आणि विचारलं, "दिवसभर दात दाबून ठेवता का हो?" बहीण म्हणाली, "चाळीस पोरांच्या वर्गात दुसरं काय करणार?" व्यायाम, शेक, थोडी पथ्यं, दोन-तीन महिन्यांत ठणका उतरला. दुखणं गेलं, दाढ मात्र परत आली नाही.

या शेवटच्या वाक्यातच मला जे म्हणायचं आहे ते आहे. जबड्याच्या दुखण्यात, जो उपाय मागे घेता येत नाही तो पहिला असू नये.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं तत्त्वज्ञान नाही. या दुखण्याचा इतिहासच तसा आहे. १९३४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने अकरा रुग्णांवरून एक निबंध लिहिला. मागचे दात गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांध्यावर दाब येतो आणि त्यातून कानाच्या, डोक्याच्या तक्रारी होतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने सांगितलेली शरीररचनेची कारणं पुढे टिकली नाहीत, पण 'सगळा दोष दातांच्या ठेवणीचा' ही कल्पना मात्र घट्ट रुजली. मग पुढची कित्येक दशकं लोकांचे चांगले दात घासून 'जुळवण्यात' गेली. दुखणारा माणूस आणि न दुखणारा माणूस शेजारी बसवले तर नुसत्या दातांच्या ठेवणीवरून कोण दुखणारा हे सांगता येत नाही, हे मान्य व्हायला फार वेळ लागला.

दुसरी गोष्ट याहून वाईट. १९८३ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीच्या एका रोपणाला विक्रीची परवानगी मिळाली. सांध्यातली चकती काढून तिथे टेफ्लॉनचा थर असलेला तुकडा बसवायचा. टेफ्लॉन म्हणजे तेच, आपल्या न चिकटणाऱ्या तव्याचं. कागदावर कल्पना सुंदर होती. पण जबडा दिवसभर चालतो, त्याच्या दाबाखाली तो तुकडा झिजला, त्याचे बारीक कण आजूबाजूला पसरले आणि शरीराने त्या कणांशी जे युद्ध मांडलं त्यात सांध्याचं हाडच खाल्लं गेलं. १९९० मध्ये कंपनीने दिवाळं काढलं आणि सरकारने डॉक्टरांना व रुग्णांना धोक्याचे इशारे दिले. १९९२ साली अमेरिकी संसदेत यावर सुनावणी झाली. तोवर हजारो लोकांच्या, त्यातही बहुतांशी बायकांच्या, जबड्यात हे बसवून झालं होतं. त्यांपैकी अनेकांच्या पुढे शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया होत राहिल्या. ज्या दुखण्याने सुरुवात झाली ते कदाचित काही महिन्यांत आपोआप कमी झालं असतं, हा विचार मनात आला की अंगावर काटा येतो.

कारण या दुखण्याचा स्वभावच तसा आहे. बहुसंख्य लोकांचं ते येतं, काही दिवस-महिने छळतं आणि ओसरतं. सांध्यात नुसता 'कट कट' आवाज येणं, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर, हा आजारच नव्हे. एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसली म्हणून घाबरून जाण्याचंही कारण नाही. कसलीच तक्रार नसलेल्या लोकांच्या तपासण्या केल्या तेव्हा साधारण एक तृतीयांशांची चकती सरकलेली सापडली. म्हणजे चित्रात दिसणारा दोष आणि माणसाचं दुखणं यांची गाठ असतेच असं नाही. पाठीच्या मणक्याबाबतीत आपण हे आता शिकतो आहोत, जबड्याबाबतीत अजून शिकायचं आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जुनाट जबडेदुखीच्या उपचारांबद्दल एक मार्गदर्शन आलं. ते करणाऱ्यांत डॉक्टर होते, दंतवैद्य होते आणि रुग्णही होते. त्यांनी ठामपणे शिफारस केली ती कशाची? जबड्याचे आणि मानेचे शिकवून करून घेतलेले व्यायाम, स्नायूंवर हाताने केलेले उपचार, घरच्या घरी करायचा व्यायाम, दुखण्याची नीट माहिती आणि मनाच्या सवयी बदलणारी समुपदेशनाची पद्धत. ठामपणे नको म्हटलं ते चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला आणि दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या पट्ट्यांना. सांध्यात इंजेक्शनं, बोटॉक्स, लेझर, इतकंच काय, रात्री दातांवर घालायची साधी काढघाल करता येणारी पट्टीसुद्धा 'शक्यतो नको'च्या यादीत गेली. त्या पट्टीने काहींना बरं वाटतं हे खरं, आणि झोपेत दात खाणाऱ्याचे दात ती झिजण्यापासून वाचवते. पण ती रामबाण म्हणून विकली जाते तितकी गुणकारी असल्याचा पुरावा नाही.

आता तुम्ही म्हणाल, नुसता शेक आणि व्यायाम? एवढ्यासाठी डॉक्टरची फी द्यायची? आपली खरी अडचण इथेच आहे. 'काहीतरी केलं' असं वाटल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. इंजेक्शन दिलं नाही तर गावाकडे अजून डॉक्टर बदलतात. वीस मिनिटं बसून जबड्याला विश्रांती कशी द्यायची हे समजावणाऱ्या माणसाला आपण शंभर रुपये द्यायला कुरकुरतो आणि दात घासून कॅप बसवणाऱ्याला हजारो रुपये मोजतो. मग दवाखान्यांनी काय विकावं? दोष एकट्या दंतवैद्यांवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

दुसरी एक खोड म्हणजे 'तुमचं मानसिक आहे' म्हणून हात झटकणं. हे दुखणं बायकांना जास्त होतं, त्यामुळे हे वाक्यही त्यांच्याच वाट्याला जास्त येतं. ताण वाढला की माणूस दात दाबतो, झोप बिघडते, स्नायू आखडतात आणि दुखण्याचा आवाज मेंदूत मोठा होतो. ही सगळी शरीरातच घडणारी गोष्ट आहे. या विकारांच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष २०१४ साली नव्याने ठरले, त्यात जबड्याच्या तपासणीइतकंच महत्त्व ताण, उदासपणा आणि रोजच्या कामात येणाऱ्या अडथळ्यांना दिलं आहे. मनाबद्दल विचारणं याचा अर्थ दुखणं खोटं ठरवणं असा नाही.

मग करायचं काय? फार काही नाही. काही दिवस मऊ खा. वरणभात, मेतकूट-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, ज्यावर आपण लहानपणी वाढलो तेच. चिक्की, ऊस, सुपारी, च्युइंगम बाजूला ठेवा. वडापाव दोन्ही हातांनी दाबून 'आ' करण्यापेक्षा तुकडे करून खा, चवीत फरक पडत नाही. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पंधरा-वीस मिनिटं गाल शेका. दातांचं लांबलचक काम असेल तर मधेमधे तोंड मिटू द्यायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओठ मिटलेले, पण दात सुटे. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायची गरजच नसते. हे वाचताना तुमचे टेकलेले आहेत का, जरा बघा.

मात्र वाट बघण्यालाही मर्यादा आहे. तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, चेहऱ्यावर सूज किंवा बधिरपणा असेल, ताप असेल, वजन घटत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. पन्नाशीनंतर नव्याने कानशिलं दुखू लागली, चावताना जबडा भरून येऊ लागला आणि नजरेत फरक पडला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तो रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी. गुटखा-सुपारी खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं तर तिथे सांध्याचा काही संबंध नाही, गालाच्या आतलं अस्तर दोरीसारखं कडक होत चाललेलं असतं आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी आपल्या पानाच्या तबकात अजून आहेच. आणि हनुवटीवर पडलेल्या लहान मुलाला, टाका घालून झाला तरी, एकदा जबड्यासाठी दाखवून आणा. तिथला सांधा जखडला तर तोंड उघडत नाही आणि जबड्याची वाढही खुंटते. अशा मुलाला शस्त्रक्रियाच लागते आणि ती वेळेवरच व्हायला हवी. म्हणजे शस्त्रक्रिया वाईट नव्हे, ती कुठे हवी आणि कुठे नको, हे कळणं महत्त्वाचं.

म्हणून पुढच्या वेळी जबडा दुखतो म्हणून कोणी काही करायला सुचवलं, तर एकच प्रश्न विचारा, "डॉक्टर, याचा उपयोग झाला नाही तर मला पुन्हा आज आहे तिथे येता येईल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. उत्तर 'हो' असेल तर खुशाल करून बघा. 'नाही' असेल तर घरी या, विचार करा, दुसऱ्याचं मत घ्या. बहुतेकांच्या बाबतीत या दुखण्याला घाई नसते. घाई आपल्याला असते.