मुरलेले पाणी कोणाचे?

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. शेततळे खणायचे आहे, आत प्लास्टिकचा कागद अंथरायचा आहे, माझा वाटा पाठव. आमची जमीन माण तालुक्यात, बारा एकर, त्यात दोन एकर डाळिंब. मी एकच प्रश्न विचारला, “तळं भरणार कशानं?”

“बोअरनं, दादा. पावसानं कुठं भरतंय?”

मी पैसे पाठवले नाहीत. का, ते फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो.

जमिनीच्या पोटातले पाणी उपसून उन्हात आणून ठेवायचे, याला आपण जलसंधारण म्हणू लागलो आहोत. कागदामुळे थेंबभरही मुरत नाही, वाफ होऊन जाते ते वेगळेच. पण भाऊ मूर्ख नाही. तळ्यातले पाणी त्याचे असते. मुरवलेले पाणी मात्र ज्याचा बोअर सर्वांत खोल, त्याचे. शेतीसाठी ६० मीटरच्या खाली विंधण विहीर घ्यायला राज्यात कायद्याने बंदी आहे, तरी आमच्या शिवारात ५०० फुटांच्या गप्पा चहाच्या टपरीवर उघड चालतात.

अलवरला पोस्टिंगवर असताना माझ्या कंपनीतल्या एका हवालदाराने सुट्टीच्या दिवशी मला त्याच्या गावी नेले होते. थानागाजीकडचा, अरवलीच्या कुशीतला भाग. तिथे जोहड पाहिले : उताराला आडवा, तीन बाजूंनी वळवलेला मातीचा बांध, चढाची बाजू मोकळी. १९८५ मध्ये गोपालपुरा गावात तरुण भारत संघाने लोकांसोबत अशा कामाला सुरुवात केली. पुढे भागातल्या विहिरींना पाणी आले, कोरडी अरवरी नदी वाहू लागली. त्या कामासाठी राजेंद्र सिंहांना २००१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आपल्याला पाठ असते. हवालदाराच्या वडिलांना मात्र पुरस्काराशी घेणे नव्हते. ते डिझेलचा हिशोब सांगत होते. पाणी वर आले तसे इंजिन कमी तास चालवावे लागे, आणि वाचलेला पैसा त्याच हंगामात हातात दिसे. बांधावर घातलेली मजुरी अशी वसूल होत होती.

आमच्याकडे तो हिशोबच बसत नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत आहे. पाणी ५० फुटांवर असो की ३०० वर, बिल शून्य. मग पातळी वर आणून वाचवायचे काय? शेतकऱ्याला ती सवलत मिळू नये असे मी म्हणत नाही. पण फुकट उपशाच्या शेजारी पुनर्भरणाचे अनुदान ठेवणे म्हणजे गळक्या टाकीत तोटी न बदलता पाणी ओतणे.

पाऊस अगदीच नाही असेही नाही. ५०० मिलिमीटर पडला तर एका एकरावर २० लाख लिटर होतात. निम्माच पडला तरी १० लाख. मात्र आमच्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत शिरते आणि बांध न मानता उताराने शेजाऱ्याकडे जाते. म्हणून एकट्याने विहीर पुनर्भरण करणे, कागदावर मांडले तर, तोट्याचा धंदा आहे. हिवरे बाजारने तो फायद्यात आणला, कारण तिथे चर खणण्याबरोबरच सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही हे गावाने ठरवले, आणि पडलेला पाऊस मोजून पिके ठरवली. चरांचे फोटो सगळे काढतात. बोअरबंदीचा फोटो निघत नाही.

मी भावाला सांगितले, तेच पैसे जुन्या विहिरीतला गाळ काढायला, बांधबंदिस्तीला आणि ओढ्याचे पाणी गाळून विहिरीत सोडायला देतो. अट एकच : आपल्या ओढ्यावरच्या पाचही शेजाऱ्यांनी नवा बोअर घ्यायचा नाही.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तू पेन्शन घिऊन येशील तवा पाणी वर आलं असंल. मला डाळिंब ह्या उन्हाळ्यात जगवायचंय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. यंदाच्या टँकरचे पैसे पाठवले. मेमध्ये रजा मंजूर झाली आहे. पाचही जणांना घरी चहाला बोलाव, असे त्याला कळवले आहे. तो म्हणतो, तिघे येतील.