पहिली लिपी, दुसरी लिपी



या सदरात दरवर्षी आपण कुठल्या ना कुठल्या यंत्राची तक्रार ऐकतो. यंदा तक्रार माझ्याविरुद्धच आहे.

मंडळाची जुनी वेबसाइट विंडोजच्या सर्व्हरवर होती. लिनक्सवर स्वस्त पडेल म्हणून ती हलवायचं काम मी अंगावर घेतलं. बाहेर ईडन प्रेरीतली पानगळ, आत चहा, आणि मॅकवर मी एकेक पान उघडून तपासतोय. सगळे फोटो जागच्या जागी होते. रविवारी रात्री साइट हलवली आणि निवांत झोपलो.

सोमवारी सकाळी एका काकूंचा फोन आला. "अरे, ह्यांचा फोटो कुठे गेला?"

काका दोन वर्षांपूर्वी गेले. गणपतीच्या आरतीत झांजा वाजवतानाचा त्यांचा तो फोटो काकूंकडे दुसरीकडे कुठेच नव्हता. रोज सकाळच्या चहाबरोबर त्या मंडळाचं ते पान उघडून बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्या जागी आता फक्त एक तुटक्या चित्राची खूण होती.

फोटो हरवला नव्हता. सर्व्हरवर धडधडीत होता. फाइलच्या नावातला जी कॅपिटल होता आणि पानावरच्या लिंकमध्ये तो स्मॉल लिहिलेला होता, एवढंच.

माझ्या पिढीने पाचवीत इंग्रजी सुरू केलं तेव्हा बाईंनी पहिली लिपी, दुसरी लिपी अशी घोटून घेतली होती. पहिलीतला ए आणि दुसरीतला ए हे आपल्या लेखी एकच अक्षर. संगणकाच्या लेखी मात्र कॅपिटल ए म्हणजे 65 आणि स्मॉल ए म्हणजे 97. लिनक्सने युनिक्सचं वळण घेतलंय, तो आकडेच बघतो. विंडोज आणि मॅक तुम्ही दिलेलं नाव जसंच्या तसं जपतात, पण शोधताना सहसा लहानमोठं बघत नाहीत. गावचा पोस्टमन पत्ता अर्धवट असला तरी पत्र घरी आणून टाकायचा, तसे हे दोघे. लिनक्स म्हणजे बँकेत सही ताडून बघणारा कारकून.

म्हणूनच मॅकवर केलेली माझी तपासणी फुकट गेली. वर्षानुवर्षांच्या चुका पोस्टमनने सांभाळून घेतल्या होत्या. त्यात डिजिटल कॅमेऱ्यांची भर. ते जुन्या डॉसच्या रीतीने सगळं नाव कॅपिटलमध्ये देतात, शेवटचं जेपीजीसुद्धा. आपण लिंक लिहितो ती स्मॉलमध्ये.

काकूंचा फोटो पाच मिनिटांत परत आणला. बाकीच्या शेकडो फाइलींना तीन रात्री लागल्या. तुमच्यावर कधी ही वेळ आली तर साइट हलवण्याआधीच सगळी नावं स्मॉल अक्षरांत करून घ्या, आणि पानांमधल्या लिंकाही. एक बदलून दुसरं राहिलं तर काहीच साधत नाही. दोन फाइलींच्या नावात फक्त लहानमोठ्याचाच फरक नाही ना, हेही बघा. लिनक्सवर त्या शेजारी शेजारी नांदतात, विंडोजवर आणल्या की एक दुसरीच्या डोक्यावर बसू शकते. गिट वापरणाऱ्या मुलामुलींनो, विंडोज किंवा मॅकवर नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं तर गिटला तो बदल दिसेलच असं नाही. आधी भलतंच तिसरं नाव द्या, मग हवं ते. आणि शेवटची तपासणी लिनक्सवरच करा.

अपाची सर्व्हरमध्ये अशा चुका सांभाळून घेणारं एक मॉड्यूल आहे, मॉड-स्पेलिंग. त्याच्या स्वतःच्या नावात स्पेलिंगमधला एक एल गाळलेला आहे! मी ते वापरलं नाही. पोस्टमन ठेवला की पत्ते पुन्हा अर्धवट लिहिले जाणार.

मुलगा म्हणाला, "बाबा, मराठीत नावं द्या ना. देवनागरीत कॅपिटल नसतंच." मला पटलं. एका फाइलला 'पायऱ्या' असं नाव दिलं, लिंक त्याने त्याच्या कीबोर्डवरून लिहिली, आणि फोटो गायब! 'पायऱ्या'मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्स कारकुनाला सही जुळत नाही.

तेव्हा फाइलींची नावं तूर्त दुसऱ्या लिपीत, आणि मराठी फोटोखालच्या ओळीत. काकांच्या फोटोखाली ओळ नव्हती. काय लिहू, म्हणून काकूंना विचारलं. "झांजा यांच्या, ताल दुसऱ्याचा, असं लिही," म्हणाल्या. तसंच लिहिलंय.