पोस्टकार्ड, प्रक्षेप आणि परवलीचा शब्द

1908 साली 'केसरी'तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या घरझडतीत सापडलेले एक पोस्टकार्ड सरकारपक्षाने पुराव्यात दाखल केले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती टिपली होती, असा खुलासा टिळकांनी केला. तरीही सहा वर्षांची शिक्षा झाली, हे सर्वश्रुत आहे. आमचे लक्ष वेधते ती गोष्ट निराळी. ते कार्ड एकच होते, हस्ताक्षर कोणालाही तपासता येत होते. म्हणून आरोपीला त्याविषयी निदान बोलता तरी आले.

आज झडतीत कार्ड नव्हे, मोबाइल जातो. भूमसारख्या तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या आम्हां प्राध्यापकांच्या मोबाइलमध्ये काय नसते? घरी सांगता न येणारी अडचण एखादी विद्यार्थिनी संदेशातून कळवते. कोणी आपली पहिली कविता भीत भीत पाठवतो. एका शिक्षकाचा मोबाइल उघडणे म्हणजे संशयाशी काडीचाही संबंध नसलेल्या शंभर जणांची पत्रे फोडणे होय.

शासनाची बाजू पोकळ आहे, असे आम्ही म्हणत नाही. ऑनलाइन फसवणुकीत आयुष्याची पुंजी गमावलेल्या माणसाला पोलिसांनी त्या कूटबद्ध संदेशांपर्यंत पोचावे असेच वाटणार. प्रश्न अधिकार असण्याचा नाही, त्यावर पहारा कोणाचा, हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 नुसार कूटबद्ध मजकूर उलगडून देण्याचा आदेश सरकार देऊ शकते. सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा आदेश सामान्यतः केंद्राचे वा राज्याचे गृहसचिव देतात, न्यायाधीश नव्हे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार, उचित हेतू आणि प्रमाणबद्धता हवी, हे तेथे स्पष्ट झाले. ज्याला तपास करायचा त्यानेच आपल्या मागणीचे प्रमाण ठरवावे, हे या कसोटीत बसते काय?

साहित्याच्या अभ्यासकांना याहून जवळचा असा एक मुद्दा आहे, तो पाठशुद्धीचा. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, कारण नकलांगणिक भर पडत गेली होती. संगणकातील मजकुराला तर हस्ताक्षरही नसते. भीमा-कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल 2018 मध्ये रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. त्यात घुसखोरी करून पत्रे बाहेरून पेरली गेली होती, असा निष्कर्ष बचावपक्षाने नेमलेल्या 'आर्सेनल' या अमेरिकी तज्ज्ञसंस्थेने फेब्रुवारी 2021 मध्ये मांडला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो अमान्य केला. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण प्रक्षेपाची शंका घेणे ही आपल्या विद्येची पहिली पायरी आहे, आणि येथे तर माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते.

यावर उपाय आहे. मजकुराचा 'हॅश' म्हणजे त्याचा अंकांकित ठसा. एक काना बदलला तरी ठसा बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात पुरावा सादर करताना द्यायच्या प्रमाणपत्रात तो नोंदवावा लागतो. परंतु खरी गरज जप्तीच्या क्षणी आहे. राम रामस्वामी, सुजाता पटेल आदी पाच अभ्यासकांनी जप्तीचे नियम मागत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने, नियम होईतो सीबीआयची नियमपुस्तिका पाळू, असे सांगितले. पोलिसी पुस्तिका ही कायद्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे: न्यायाधीशाच्या लेखी आदेशावाचून मोबाइल उघडू नये, काय शोधायचे ते आदेशात नमूद असावे, जप्तीच्या जागीच ठसा घेऊन त्याची प्रत मालकाच्या हाती द्यावी, आणि परवलीचा शब्द सांगण्याची सक्ती आरोपीवर नसावी, कारण स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास कोणालाही भाग पाडू नये, असे संविधानाचा अनुच्छेद 20(3) सांगतो. एवढे पथ्य पाळले तर प्रामाणिक तपासाचे काही बिघडत नाही. उलट त्याने मिळवलेला पुरावा न्यायालयात अधिक टिकतो.