'निर्भीक' कुणासाठी?

जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने 'खास बायकांसाठी' म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्वर विकायला काढले. डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीला वर्तमानपत्रांनी 'निर्भया' म्हटले, त्यावरून हे नाव. वजन अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये. वर दागिन्यांच्या डब्यासारखी किरमिजी पेटी! बंदुकीच्या शौकिनांची चर्चा रंगली ती धातू, जुनी घडण आणि अव्वाच्या सव्वा किमतीवर. जिच्या नावाने माल विकायचा, ती बाई या चर्चेत कुठेच नव्हती.

रेडीच्या बाजूला बंदुकीचे अप्रूप नाही. रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना असतो, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. परवाना बहुधा पुरुषाच्याच नावावर. मी ज्या बायकांबरोबर काम करते त्यांना भीती आहे ती त्याच घरातल्या माणसाची. सरकारी नोंदीही तेच सांगतात : बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा. मग रिव्हॉल्वर रोखायचे कुणावर? दिरावर, काकावर? आणि ते त्याच्याच हाती लागले तर?

बाईचे रक्षण हे सरकारचे काम. ते सोडून सरकारच तिला शस्त्राचे गिऱ्हाईक करते, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात संरक्षण अधिकारी आहे. त्याला पुरेशी माणसे, गाडी आणि दुसऱ्या कामांतून सुटका द्या. एसटीचे तिकीट अर्धे झाले, तरी ओरोसला जायला इथल्या कित्येकींना नवऱ्याकडेच पैसे मागावे लागतात.