फाइलचा पत्ता म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत!

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. जव्हार, मोखाडा जागेवरच राहिले. पत्त्यातला जिल्हा तेवढा बदलला. संगणकातल्या फाइलींचे पत्ते असे बदलताना मात्र घोळ होऊ शकतो.

समजा, एका फाइलचा पाथ 'ठाणे/मोखाडा/ठाणे-जनगणना-२०११' असा आहे. प्रोग्रॅममध्ये तो स्ट्रिंग, म्हणजे सलग अक्षरे, म्हणून ठेवला आणि 'ठाणे'ऐवजी 'पालघर' करा असे सांगितले, तर फोल्डरबरोबर फाइलचे नावही बदलते. ती फाइल मग सापडत नाही. फाइलचेच नाव तसे बदलले, तर नोंद चुकीची ठरते. कारण २०११मध्ये मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होता.

मग उपाय काय? पायथनच्या ३.४ आवृत्तीत 'पाथलिब' आली, तीही २०१४मध्येच. तिच्यात पाथ हा ऑब्जेक्ट असतो. फोल्डर, नाव, एक्स्टेन्शन हे भाग वेगवेगळे हाताळता येतात. विंडोज आणि लिनक्समधल्या तिरक्या रेघांचा फरकही तीच सांभाळते.

छोट्या कामाला स्ट्रिंग पुरते, हे खरे. पण वर्षानुवर्षे जपायच्या नोंदींसाठी ऑब्जेक्टच वापरायला हवा. दोन ओळी जास्त लिहाव्या लागल्या तरी चालतील. गावाची जुनी नोंद हरवता कामा नये.