प्रवेश घेताना एवढं विचारा

कॉलेजात प्रवेश घेताना आपण फी विचारतो, शिष्यवृत्तीचा फॉर्म विचारतो, जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढतो. पोरगी वर्गात कोसळली, श्वास थांबला, तर पहिली पाच मिनिटं कोण काय करणार, हे कुणी विचारत नाही. आम्हीही आमच्या मुलांच्या वेळी विचारलं नव्हतं, आणि आम्ही तर नर्सिंग शिकलेल्या बायका!

वसई-विरारच्या कॉलेजांत शिबिराला गेलो की आम्ही आधी प्रथमोपचाराची पेटी मागतो. एके ठिकाणी पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा बँकेत गेलेले. मागचं गेटही बंद. रुग्णवाहिका आत आणायची कुठून, ते कुणालाच सांगता येईना.

हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. १०८ ला फोन करायचाच, पण नालासोपाऱ्याच्या गर्दीतून गाडी तेवढ्यात पोहोचणं कठीण. तोवर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहायचं. हे शेजारच्या बाकावरच्या मुलालाच करावं लागतं. अधूनमधून घोरल्यासारखी उचकी आली तर तो श्वास समजून थांबायचं नाही. अर्ध्या दिवसात शिकता येतं. पण मुलगी पडली तर मुलं हात लावायला कचरतात. पुतळ्यावर सराव करतानाही खिदळतात. म्हणून प्रत्येक वर्गात शिकलेल्या मुलीही हव्यात. (आणि फिट आली तर चप्पल-कांदा नको. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.)

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. राज्यात ‘आव्हान’ शिबिरात आपत्तीचं प्रशिक्षणही मिळतं, पण प्रत्येक विद्यापीठातून मोजकीच मुलं जातात. बाकीच्यांच्या हाती रॅलीचे फलक. हे आम्हाला पटत नाही.

कारण कॉलेजात शिकलेलं पोर संध्याकाळी बस्तीतच परततं. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसं गेली. दाट वस्तीमुळे सुरुवातीला मोठी यंत्रं आत नेता आली नाहीत, हातांनी ढिगारा उपसावा लागला. आपल्या गल्ल्या काय रुंद आहेत?

पुढच्या पालकसभेत तिघी-चौघी मिळून जा. पेटी कुठे, किल्ली कुणाकडे, कोणतं गेट उघडं, छाती दाबायला कोण शिकलंय, हे विचारा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोवर रविवारी वंदनेनंतर विहारात थांबा. पुतळा आम्ही आणू. तुम्ही पदर खोचून या.